खोडलेली तीन पानं

न्यायाधीश म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे आधी मी येतो, माणूस मागाहून. मी काळा झगा बोलतोय, न्यायमूर्ती भागीरथीबाईंचा. दिल्लीत देशाच्या सर्वोच्च न्यायालयात मी सात वर्षं त्यांच्या खांद्यांवर होतो. पण जन्म माझा तंजावूरचा.

राजवाड्यामागच्या गल्लीत सूर्यनारायण शिंप्याचं दुकान आहे. बाईंची नेमणूक झाली तेव्हा दिल्लीत शिंपी नव्हते असं नाही. पण बाई म्हणाल्या, "माझी पोलकी यानंच शिवली, हाही यालाच शिवू दे." त्यानं माझ्या बाह्या मुद्दाम सैल ठेवल्या. "लिहायचं काम आहे अम्मा, हात मोकळा पाहिजे."

बाईंचे थोरले बंधू तुळजाजी. बाई त्यांना अण्णा म्हणत. अण्णांनी तीस वर्षं एकाच पक्षाचं काम केलं होतं, कावेरीकाठच्या गावांतून सायकलवर पत्रकं वाटण्यापासून. नेमकं त्याच पक्षाचं सरकार दिल्लीत असताना बाईंची नेमणूक झाली. अण्णांचे मित्र म्हणाले, "आपली बाई वर गेली." विरोधक म्हणाले, "त्यांची बाई वर गेली." मी कोरा करकरीत होतो. बाई कोणाच्या, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

चौथ्या वर्षी तो खटला आला. दूरच्या एका राज्यात अण्णांच्याच पक्षाचं सरकार होतं. तिथं विरोधकांनी जिंकलेल्या अकरा नगरपालिका सरकारनं एका आदेशानं बरखास्त केल्या होत्या. पाच न्यायाधीशांचं पीठ बसलं.

पहिल्याच सकाळी बाई भर कोर्टात म्हणाल्या, "माझे बंधू या पक्षाचे कार्यकर्ते आहेत. कोणाची हरकत असेल तर मी या पीठातून बाजूला होते." दोन्हीकडचे वकील उभे राहिले. हरकत नाही म्हणाले. बाई बसल्या. बसताना त्यांनी माझी कड मुठीत घट्ट धरली, ते फक्त मला कळलं.

त्याच आठवड्यात दुपारच्या सुट्टीत अण्णांचा फोन आला.

"भागी, जेवलीस का?"

"जेवले अण्णा. दहीभात."

"यंदा उमेदवारांच्या यादीत माझं नाव आहे. तीस वर्षांनी."

"नाव लागलं तर मला आनंदच होईल. पण खटल्याचं काही बोलू नका हं."

"मी कुठं बोललो?"

"बोलायच्या आधीच सांगते."

फोन ठेवल्यावर बाई बराच वेळ दोन्ही हात माझ्या बाह्यांत ओढून बसल्या.

सुनावणी संपली. दोघा न्यायाधीशांचं मत सरकारच्या बाजूनं पडलं, दोघांचं विरुद्ध. उरल्या बाई. त्यांनी सरकारच्या विरुद्ध लिहिलं. आदेश कायद्याला धरून नव्हता, हे कागदांत स्वच्छ दिसत होतं.

बाईंची एक सवय होती. मसुदा तयार झाला की दोन्ही पक्षांची नावं एकमेकांच्या जागी घालून तो वाचून घ्यायच्या. वाचणारे कृष्णस्वामी, त्यांचे लघुलेखक. मूळचे तिरुवैयारूचे, निवृत्तीला आलेले, मितभाषी गृहस्थ. त्या दुपारी ते वाचत होते आणि मी मागच्या खुंटीवर ऐकत होतो. नावं उलटली तरी निकाल तोच येत होता. बाई मान डोलावत होत्या. मग आदेश काढणाऱ्या मंत्र्यांवरची तीन पानं आली: सत्तेची हाव, लबाडी, लोकांशी दगा.

"थांबा," बाई म्हणाल्या. "दुसऱ्या पक्षाचा मंत्री असता तर मी हे लिहिलं असतं?"

कृष्णस्वामींनी चष्मा काढून पुसला. "नसतं लिहिलं, अम्मा."

"पुरावा काय आहे आपल्याकडे?"

"आदेश बेकायदा असल्याचा आहे. मंत्री लबाड असल्याचा नाही."

"मग हे मी कोणासाठी लिहिलं?"

त्यांनी ती तीन पानं बाईंपुढे ठेवली. बाईच म्हणाल्या, "मी अण्णांच्या तालावर नाचत नाही, हे लोकांना दिसावं म्हणून." त्यांनी लाल पेन्सिल घेतली आणि तिन्ही पानांवर आडव्या रेघा मारल्या. तोवर मला वाटायचं, माणूस झुकतो तो आपल्या माणसाकडेच. तो आपल्या माणसापासून लांब झुकतो तेव्हाही झुकलेलाच असतो, हे मी त्या दुपारी पाहिलं.

निकाल लागला, तीन विरुद्ध दोन. अकराही नगरपालिका परत आल्या. अण्णांचं नाव यादीतून गेलं आणि त्यांचा फोन बंद झाला. विरोधकांनी बाईंच्या नावानं पेढे वाटले. पुढच्या वर्षी एका खटल्यात कायदा अण्णांच्या पक्षाच्या बाजूनं होता, बाईंनी तसा निकाल दिला. पेढे वाटणारेच म्हणाले, बाई विकली गेली. बाई दोन्ही दिवशी वेळेवर घरी गेल्या आणि दोन्ही दिवशी नीट जेवल्या.

निवृत्त होऊन त्या तंजावूरला परतल्या. एका सकाळी मला परसात उन्हात टाकलं होतं. फाटक वाजलं. अण्णा आले होते, तीन वर्षांनी, हातात गुंडाळलेले कागद.

"कापी देतेस?" ते म्हणाले.

कापी, म्हणजे आमची कॉफी, पिऊन झाल्यावर कागद उलगडत म्हणाले, "आमचे लोक सांगत होते, तू आमची अब्रू काढलीस. मी रागानं निकाल वाचलाच नाही. परवा बसून सगळा वाचला. एकशेबारा पानं. मंत्र्याला एक वाकडा शब्द नाही."

"लिहिला होता अण्णा. मग खोडला."

अण्णांनी बाईंकडे पाहिलं. "का?"

"खरा आहे की नाही, मला ठाऊक नव्हतं."

अण्णांनी कागद पुन्हा गुंडाळले. मग म्हणाले, "तिकीट गेलं त्याचं वाईट वाटतं गं अजून."

"मलाही वाटतं," बाई म्हणाल्या. त्या दिवशी अण्णा जेवूनच गेले, आणि आता रोज सकाळी येतात. राजकारणावर दोघांचं कडाडून भांडण होतं. बाई आता न्यायाधीश नाहीत, मनासारखं भांडू शकतात.

मला त्यांनी इथल्या विधी महाविद्यालयाला दिलं. मुलं खोटा खटला उभा करून सराव करतात, तेव्हा न्यायाधीश होणाऱ्याच्या अंगावर मी असतो. माझा काळा रंग थोडा विटला आहे, कॉलर झिजली आहे, पण मी मजेत आहे. तुमच्याकडे एकच मागणं. कोणी मला अंगावर घेतलं की 'हा कोणाचा?' असं लगेच विचारू नका. त्यानं लिहिलेलं शेवटच्या पानापर्यंत वाचा आणि मग खुशाल भांडा.

बरंय, येऊ? आज न्यायाधीश व्हायची पाळी नित्या नावाच्या विद्यार्थिनीची आहे. बाह्या तिला फार लांब होतात, दुमडून घेते आहे. समोर दोन्ही बाजूंचे वकील तिच्या मैत्रिणीच आहेत. ती पाणी प्यायली, तिनं खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाली, "बोला, मी ऐकतेय."