मे महिन्यातला जुगाड

मालवणात माझं गॅरेज आहे आणि माझं तोंड वाईट आहे, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे.

पायसकाकांची जुनी इंजेक्शनची गाडी मीच बघायचो. पावसाळ्यात त्यांच्या बायकोची, फेलिसिदाद टीचरची, घाटाच्या पायथ्याला थंडीच्या वैभववाडीला बदली झाली आणि दोघं तिकडे राहायला गेली. डिसेंबरात गाडी सकाळी चालू होईना. एकदा कशीबशी चालू करून काका माझ्याकडे घेऊन आले, तर इथे एका चावीत चालू. तापलेली गाडी होणारच चालू, पण माझ्या डोक्यात ते आलं नाही. काकांना जुन्या जीपची सवय, चावी फिरवण्याआधी दोनदा अ‍ॅक्सिलेटर दाबायचे; इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल कॉम्प्युटर सोडतो, तिथे त्याची गरज नसते. मी नेमकं तेच धरलं. चौघे रिक्षावाले चहा पीत होते, त्यांच्यासमोर म्हणालो, गाडी ठणठणीत आहे, चालवणारा म्हातारा झालाय. चौघे हसले. काकाही हसले.

आठवड्याने टीचरचा फोन आला. "भाई, ते गाडयेक हातच लावणत नाय. म्हणतत, माका आता जमणा नाय."

संध्याकाळच्या एसटीने वैभववाडीला गेलो. सकाळी गारठलेल्या गाडीचं बॉनेट उघडलं. बॅटरी, प्लग, पंप बघत इंजिनाचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरपाशी आलो आणि लाल टेप दिसली. माझीच. मे महिन्यात सेन्सर गेला, नवा मिळेना, म्हणून त्याच्या जागी मी वायरीत रेझिस्टर जोडून दिला होता. गाडीच्या कॉम्प्युटरला इंजिन कायम तापलेलंच वाटायचं, मग थंडीत जास्तीचं पेट्रोल तो सोडणार कशाला? मालवणात कसली आलीय थंडी, असं म्हणून मी ते विसरूनही गेलो होतो. काकांना सांगितलंही नव्हतं.

कणकवलीहून सेन्सर आणून बसवला. दुसऱ्या सकाळी आग्रह करून काकांनाच चावी दिली. गाडी लगेच चालू झाली.

"बघ भाई," काका म्हणाले, "ह्या खेपेक मी पाय दाबूक नाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चूक तुमची नाय होती, काका. माझी होती," मी म्हणालो आणि सगळं सांगितलं.

काका जाऊ दे म्हणाले, पाठीवर थाप मारली. टीचर दारात उभ्या होत्या.

"त्या दिवशी गॅरेजात चार माणसां होती, भाई."

याला पंधरा दिवस झाले. ते चौघे रोज चहाला येतात. मी अजून सांगितलेलं नाही.