बिनतारी पांडुरंग

कात्री कच्चकन मिटली, काळी केबल दोन तुकडे होऊन खाली पडली आणि सभागृहातल्या सगळ्या माना एकदम पुढे झाल्या.

म्हैसुरातल्या आमच्या शिंपी समाजाच्या विठ्ठल मंदिराचं हे सभागृह लग्नाला पुरेल एवढं मोठं. पण त्या दिवसांत तिथे मुंगीला शिरायला जागा नसायची. पुढे चौरंगावर जे बसवलं होतं ती मात्र मूर्ती नव्हती. ते होतं कॉम्प्युटरवर चालणारं भरतकामाचं मशीन! त्याला मागूनपुढून पीतांबर नेसवला होता, वर मल्लिगेच्या, म्हणजे मोगऱ्याच्या, माळा होत्या आणि सुईच्या दांड्याला कुंकवाचा टिळा होता. बिचारं मशीन.

शेजारी सूत्रानंद महाराज कात्री उंचावून उभे होते.

“बघा भक्तहो! तार म्हणजे माया! तार म्हणजे बंधन! मी माया कापली. आता मधे कुणी नाही. आता थेट वरून!”

एका बाईने माइकमध्ये विचारलं, “लेकीचं लग्न कधी जमेल?” महाराजांनी डोळे मिटले, “सूत्र, सूत्र, सूत्र” असा जप केला आणि मशीन खडखडू लागलं. कुणाचा हात नाही, कुणाची वायर नाही, आणि पांढऱ्या कापडावर केशरी धाग्यात अक्षरं उमटली: ‘धीर धर’. बाईच्या डोळ्यांना धारा लागल्या. हे उत्तर मीही दिलं असतं, आणि कापड वाया घालवलं नसतं.

आता तुम्ही म्हणाल, एवढे लोक भुलले कसे? ऐका. हे मशीन आपणहून काही काढत नाही. नक्षी कॉम्प्युटरवर तयार करायची आणि मशीनच्या पाठीला जोडलेल्या जाड सीरियल केबलमधून पाठवायची, हे इथल्या प्रत्येक शिंप्याला ठाऊक. ती केबल उंदरांनी कुरतडली, तिचा स्क्रू ढिला झाला, की मशीन मुकं. त्या केबलला शिव्या घालत यांची उमर गेली. त्यामुळे दुसरा कुणी असता तर ‘असेल काहीतरी’ म्हणून घरी गेला असता, पण आमचे जाणते कारागीर मात्र थक्क. जाणत्याला फसवायचं तर त्याच्या जाणतेपणाचाच दोर वापरावा, एवढी अक्कल महाराजांना होती.

बरं, तपासणी झाली नव्हती असंही नाही. शिंपी कुठलंही काम उलटं करून बघतो. खरी पारख मागच्या बाजूला. म्हाताऱ्या कारागिरांनी ते कापड उलटसुलट केलं, खालचा धागा बघितला, टाके नखाने चाचपले आणि निर्वाळा दिला की काम अस्सल आहे. कापडाची पाठ सगळ्यांनी बघितली. मशीनची कुणी बघितली नाही.

मला मात्र पहिल्याच दिवशी एक गोष्ट खटकली होती. देवाला केबल नको होती, पण विजेचा प्लग हवा होता. एकदा करंट गेला तेव्हा पांडुरंगही गप्प झाला. महाराज म्हणाले, “देव समाधीत आहेत.” करंट आला तशी समाधी उतरली.

मी हे हसण्यावारी नेलं असतं. पण एके दिवशी माझे सासरे माइकपुढे गेले.

अंबाजीराव, म्हणजे आमचे अप्पा. त्यांच्या हातचा कोट घालून कितीतरी नवरदेव बोहल्यावर चढले. त्यांना काचबिंदू आहे. हा आजार नजर कडांकडून आत आत खात जातो आणि एकदा गेलेली परत येत नाही. थेंब रोज घालायचे, म्हणजे उरलेली टिकते. त्या थेंबांनी डोळे चुरचुरतात, म्हणून अप्पा वैतागलेले. मशीनने त्यांना सांगितलं: ‘औषध सोड. माझा शेला डोळ्यांवर ठेव.’ अप्पांनी बाटली कपाटात टाकली आणि मंदिरातून मिळालेला शेला डोळ्यांवर घेतला. थोड्याच आठवड्यांत ते चालताना दाराच्या चौकटीला खांदा धडकवू लागले. मला रात्री झोप येईना.

“अप्पा, तुमची नजर जाईल हो!”

“अय्यो स्पृहा, तू येवढी शिकलेली, तुला येवढं कळत नाय की? केबल कापले त्यांनी. माझ्या डोळ्यानं बघितलो मी.”

“त्याच डोळ्यांसाठी सांगतेय. थेंब घाला.”

“बेड, नको मला. देव सोड म्हणाला, सोडलो.”

सासूबाई भवानीबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणते, स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “ती मिरजेची आहे. तिकडचे लोक वादच घालतात.” नवरा गगन नेहमीप्रमाणे दोघांच्या मधे बसून चहा ढवळत राहिला.

आता माझा धंदा सांगते, म्हणजे पुढचं कळेल. भातगिरण्यांतले मोठे वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत मी काम करते. कृष्णराजनगरच्या गिरण्यांत काट्यापासून ऑफिसातल्या कॉम्प्युटरपर्यंत अशाच सीरियल केबली असतात आणि तिथले उंदीर चांगले पोसलेले. म्हणून आम्ही केबल काढून काट्याला एक बिनतारी अडॅप्टर लावतो. काडेपेटीएवढी काळी डबी. केबलच्या जागी ती खोचायची, की काटा आणि कॉम्प्युटर हवेतून बोलतात. महाराजांनी कात्री चालवली तेव्हा मला ही डबीच आठवली होती.

रविवारी तशी एक डबी घेऊन मी आमच्या शिवणकामाच्या दुकानात गेले; तिथेही भरतकामाचं तसलंच मशीन आहे. अप्पांना जबरदस्तीने खुर्चीत बसवलं. मशीनच्या पाठीची केबल काढली, तिथे डबी खोचली, दोन्ही बाजूचे स्क्रू आवळले आणि डबीला मोबाइलच्या चार्जरने वीज दिली. दिवा लुकलुकू लागला. लॅपटॉपवर डबीचं नाव शोधलं, तिचा परवलीचा आकडा घातला, दिवा स्थिर झाला. ऐटीत मोराची नक्षी पाठवली.

मशीनने मोर काढला नाही. ते किंचाळलं.

“तुझा देव रागावला,” अप्पा खूश होऊन म्हणाले.

देव नव्हे, वेग. डबी आणि मशीन एकाच वेगाने बोलायला हवीत. एक भराभर बोलतोय आणि दुसरा सावकाश ऐकतोय, तर गोंधळच होणार. दोघांचा वेग सारखा केला आणि पुन्हा पाठवलं. खडखड, खडखड. पिसाऱ्यासकट मोर!

“बघा अप्पा. केबल नाही.”

अप्पांनी मोरावर बोट फिरवलं, कापड उलटं केलं, मान हलवली. “काम चांगलं आहे. पण तू डबी लावलीस. त्यांनी डबी नाय लावले.”

दुकानात दाखवून भागणार नव्हतं. मंदिरातच दाखवायला हवं होतं.

पुढच्या कार्यक्रमाला मी बायकांच्या रांगेत पदराआड लॅपटॉप घेऊन बसले. शेजारच्या खोलीत महाराजांचा शिष्य ‘थेट प्रक्षेपणा’साठी लॅपटॉप उघडून बसायचा. माइकवरचा प्रश्न त्याला ऐकू यायचा आणि उत्तर तोच टंकायचा, हा माझा अंदाज. ही डबी एका वेळी एकाच कॉम्प्युटरशी बोलते. तेव्हा त्याला आधी उठवायला हवं होतं. ते काम गगनचं. चहा ढवळणारा माझा नवरा त्या दिवशी कामाला आला.

“बा गुरू, चल जेवायला, बिसी बेळे भात गरम आहे, वर तूप आहे. पोट मारून कसली सेवा?” असं म्हणत त्याने शिष्याला हाताला धरून पंगतीत नेलं. शिष्याने जाताना लॅपटॉप मिटला. त्याच क्षणी माझ्या पडद्यावर एक नवं नाव उगवलं. डबीचं! कारखान्यात दिलेलं नावसुद्धा बदललेलं नव्हतं. मी कारखान्याचाच परवलीचा आकडा घातला. एक, दोन, तीन, चार. गिरण्यांतही तो कुणी बदलत नाही. मी जोडली गेले.

जेवणं उरकली. महाराजांनी नवी केबल लावली, कापली, माया पुन्हा एकदा मेली. अप्पा माइकपुढे आले.

“स्वामी, कडेकडेचं दिसत नाय आता. कधी दिसेल?”

जप सुरू झाला. मशीन गप्प. जप वाढला. मशीन गप्पच. शिष्य दारातून डोकावून हातवारे करू लागला. त्याच्या लॅपटॉपला डबी सापडत नव्हती. महाराजांच्या कपाळावर घाम. “आज देवांचं मौन आहे...” ते म्हणताहेत तोवर मशीन खडखडलं आणि महाराजच दचकून मागे सरकले. आपल्याच चमत्काराला घाबरलेला बुवा मी पहिल्यांदा पाहिला.

कापडावर उमटलं: ‘अंबाजीराव, औषध परत घाला’.

“विठ्ठल विठ्ठल!” सभागृह दुमदुमलं. महाराज तरबेज, क्षणात सावरले. “पाहिलंत? देव भक्ताची परीक्षा घेत होता! परीक्षा संपली!” अप्पांनी हात जोडले. त्यांचा चेहरा उजळला होता.

गगन माझ्या कानाशी लागला. “काम झालं की! सुम्मने, गप्प बस आता. घरी जाऊन घालतील थेंब.”

खरं सांगते, मोह झाला. मला अप्पांचे डोळे हवे होते आणि ते मिळाले होते. एक शब्दही न बोलता मी लॅपटॉप मिटला असता, तर सगळे सुखी झाले असते. पण मग त्या बुवात आणि माझ्यात फरक काय? मला स्वतःचीच लाज वाटली. मी उठले.

“अप्पा, ते देवाने नाही सांगितलं. मी सांगितलं. हा बघा लॅपटॉप.”

महाराज मायेने हसले. “बाळ, देव तुझ्या मुखातूनही बोलू शकतो.”

“मग महाराज, पुढे काय उमटणार ते तुम्हीच सांगा. देव तुमचा आहे ना?”

शेकडो डोळे त्यांच्याकडे वळले. त्यांनी डोळे मिटले, हात उंचावला. “उमटेल... शांती!”

मी टंकलं. मशीन खडखडलं. सगळे पुढे सरसावले. अप्पांनी कापड हातात घेतलं, वर आलेल्या टाक्यांवरून बोट फिरवत अक्षर अक्षर लावलं आणि माइकमध्ये वाचलं:

“म... सा... ला... डो... सा.”

आधी एक पोरगी फिसकन हसली. मग आत्याबाई. मग सगळं सभागृह पोट धरून हसू लागलं. अप्पा हसले नाहीत. ते मशीनच्या मागे जायला निघाले.

“थांबा!” महाराज ओरडले. “देवाच्या पाठीमागे जायचं नाही! पाप लागेल!”

“अय्यो, कसलं पाप?” आत्याबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. एवढी भाविक बाई, पण आवाज असा की मागच्या भिंतीपर्यंत पोचावा. “प्रदक्षिणा घालताना सगळे देवाच्या मागूनच जातात की! तुमचाच देव कसा पाठ दाखवायला लाजतो?”

अप्पांनी पीतांबर उचलला. मशीनच्या पाठीला दोन जागा होत्या. एकीला महाराजांनी कापलेल्या केबलचं टोक लोंबत होतं. ती जागा नुसती दिखाव्याची, बाहेरून चिकटवलेली, आत काहीच जोडलेलं नाही. दुसरीला काळी डबी, काडेपेटीएवढी. तिचा दिवा स्थिर जळत होता.

“हीच की गं ती,” अप्पा हळूच म्हणाले.

मी सगळ्यांना सांगितलं, डबी काय आणि कशी बोलते ते. मग लॅपटॉप पुढे ठेवला. पोरांनी रांग लावली; जो तो आपलं नाव उमटवून घेऊ लागला. एका म्हाताऱ्या काकांनी माझ्या पाया पडायचा प्रयत्न केला, त्यांना मी रागावून उठवलं. शिष्य तोवर स्कूटरवरून पसार झाला होता. महाराजांना मंदिराचे अध्यक्ष येसाजीराव यांनी पोलीस येईपर्यंत बसवून ठेवलं आणि उरलेला भात वाढला. आमच्याकडे उपाशी कुणाला ठेवत नाहीत.

संध्याकाळी अप्पांनी आपणहून बाटली काढली. थेंब घालून डोळे मिटून बसले असताना त्यांनी विचारलं, “सुम्मने बसली असतीस तरी मी घातलो असतो की. मग कशाला सांगितलीस?”

“घातलं असतंत अप्पा. पण उद्या दुसऱ्या कुणी वेगळी वायर कापली असती आणि तुम्ही पुन्हा सोडलं असतंत. देवाच्या नावाने तो खोटं बोलला, मी खरं बोलले. तुम्हाला दोन्ही सारखंच दिसलं असतं.”

अप्पांनी बाटली कपाटात न ठेवता उशाशी ठेवली. त्या आठवड्यांत त्यांची थोडी नजर गेली ती गेलीच. याचा मला अजून संताप येतो.

दुसऱ्या दिवशी कुवेंपुनगरच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी तपासलं, रागावल्या, पुन्हा तेच औषध लिहून दिलं. मी उठू लागले, पण अप्पा जागचे हलेनात.

“हे औषध आत जाऊन करतं काय?”

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, “डोळ्यात पाणी तयार होतं आणि वाहून जातं. वाट तुंबली की दाब वाढतो आणि नजरेची शीर मरत जाते. औषधाने दाब उतरतो.”

“उतरला हे तुम्हाला कसं कळतं?”

“यंत्राने मोजून.”

“मग आज मोजून आकडा मला सांगा. औषध घालून पुन्हा येतो, तेव्हा पुन्हा मोजा. तुम्ही म्हणता म्हणून नाय मानायचो मी. आकडा उतरला तर मानतो.”

बाहेर रांग खोळंबली होती. तरी बाई हसल्या आणि त्यांनी यंत्र पुढे ओढलं. अप्पांनी हनुवटी टेकवली.

वाचकहो, माझं मागणं एवढंच आहे. कुणी चमत्कार दाखवला, कुणी औषध सोडायला सांगितलं, अगदी कुणी औषध घ्यायला सांगितलं, तरी हात जोडण्याआधी विचारा: हे कसं होतं, आणि मी मोजून बघू का? जो चिडेल त्याच्यापासून दूर राहा. खरं असेल ते मोजल्याने कमी होत नाही.