लहान दगडाचं केशर

नारंज दाईने वाटीच्या तळाशी उरलेलं केशर बोटाने निपटून घेतलं आणि गुडघे दाबत ती कबरींतल्या सगळ्यात लहान दगडापाशी बसली.

"तिथं नको, दाई." उस्ताद सुंबुल दारातूनच म्हणाला. महालातल्या या दफनघराचा तो नवा कारभारी. "केशर फक्त इमामांच्या दगडांना. आणि ते पोर आज कराफ्याच्या कबरस्तानात जायचंय. गादीवर बसले, त्यांचीच जागा इथं."

"चाळीस दिवसांत गादीवर बसायचं राहूनच गेलं बघ त्याचं. तू कितव्या दिवशी कारभारी झालास?"

"मला बोलून काय उपयोग? वजिरांचा हुकूम आहे. मिरवणूक गेली की खणणारे येतील."

पोराची आई बाळंतपणातच गेली होती. चाळीस दिवस ते नारंजच्या अंगावर प्यायलं आणि गेलं; पुढची चाळीस वर्षं ती रोज या दगडाशी दोन शब्द बोलून जाई. कराफा गावाबाहेर, वाळूत. तिथवर आता तिचे पाय पोचणार नव्हते.

"मग जाताना नटवू तरी दे लेकराला," ती म्हणाली.

सुंबुल काही बोलणार, तोच चौकात कर्णे वाजले. तो धावला. नारंज दगडावरून केशराचा हात फिरवत राहिली, तेल लावल्यासारखा, सावकाश, कडेपर्यंत.

चांदीच्या दिव्यांचा उजेड अगरूच्या धुरात विरघळला होता. पिवळे दगड त्या धुरात तरंगत असल्यासारखे दिसत. कोण केव्हाचा, कोण मेला, कोण नुसता निजलाय, काहीच उमगू नये असा तो उजेड.

पांढऱ्या वस्त्रांतला खलिफा, आताचा इमाम, आत आला; मागे वजीर आणि सुंबुल. एकोणीस वर्षांचा पोरगा, गादीवर बसून महिना झालेला. महालातून स्वारी निघण्याआधी पूर्वजांचा निरोप घ्यायचा, ही घराण्याची रीत. तो एकेका केशरी दगडावर हात ठेवत सलाम करत पुढे सरकला. जुन्या राजधानीतून, महदियाहून, ज्यांच्या अस्थी उंटांवर पेट्यांतून आणल्या त्या थोरांचे दगडही हातभरच होते. लहान दगडापाशी तो थांबला. वाकला. कपाळ टेकलं.

"आजोबा, पहिल्यांदाच निघालोय. पाठीशी राहा."

सुंबुलचं तोंड उघडलं. वजिरांनी खाली बघितलं. इमाम चुकत नसतात. चुकले असं सांगणारी जीभ त्या महालात नव्हती. सुंबुलने तोंड मिटलं.

स्वारी गेली. फावडी घेऊन दोघं दारात उभे राहिले, तेव्हा सुंबुलने हातानेच त्यांना परत पाठवलं. मग आजूबाजूला बघून तो लहान दगडासमोर आला आणि मान झुकवून सलाम पुटपुटला.

नारंज भिंतीला टेकून बसली होती. डोळे पुसून तिने पदर सावरला.

"आणखी जरा वाक," ती म्हणाली. "वय झालंय. ऐकू कमी येतं त्यांना."