सुमितचा संयम

सुमितला मोबाईलवरून स्टोइक नावाच्या जुन्या ग्रीक तत्त्वज्ञानाची बाधा झाली आणि त्याच्या बायकोच्या, मेघनाच्या, डोक्याला ताप झाला. शहाणपण, न्याय, धैर्य, संयम असे चार सद्गुण त्याने छापून कपाटाला चिकटवले होते. चार म्हणजे चार, पण हा पठ्ठ्या पाळायचा एकच. भाजीवाल्याने सडके बटाटे माथी मारले, संयम. साहेबाने सुट्टीच्या दिवशी बोलावलं, संयम. अहो, ज्या गुणासाठी जागचं हलावं लागत नाही तो कुणालाही जमतो!

ठाण्याजवळच्या दिव्यातल्या त्यांच्या बिल्डिंगला पाणी टँकरचं. शुक्रवारी टँकर आला तसा तिसऱ्या मजल्यावरच्या सहदेवने सगळ्यांच्या आधी स्वतःचा पाइप लावला आणि पिंपावर पिंप भरत सुटला. बाकीच्यांना पण घरं आहेत, एवढंच मेघना म्हणाली. त्यावर तो सगळ्यांदेखत म्हणाला, "तुमच्या लोकांना सगळं फुकटच लागतं. तुम्हाला इथे घर दिलं तीच चूक झाली."

तुमचे लोक म्हणजे कोण, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळलं. मेघनाच्या घराच्या दारावर निळ्या अक्षरांत 'जय भीम' लिहिलेलं होतं. तिच्या अंगाची लाही लाही झाली. शेजारी दोन हंडे धरून सुमित उभा होता. त्याने डोळे मिटून लांब श्वास घेतला.

तिने सोसायटीकडे लेखी तक्रार केली. रविवारी सकाळी पार्किंगमध्ये मीटिंग बसली. सहदेव उलटा फिरला, मी असं बोललोच नाही, बाईच अंगावर धावून आली, तिने माफी मागावी, म्हणाला. शुक्रवारी टँकरच्या रांगेत उभ्या असलेल्या सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. उरला एकटा सुमित. दोन दिवस तिने त्याला एकच गोष्ट मागितली होती, जे ऐकलंस तेवढं सांग. तो हो म्हणालेला.

अध्यक्ष परशुराम पाटलांनी त्याला विचारलं. सुमितने घसा साफ केला.

"कोण काय बोलतं ते आपल्या हातात नसतं. मी मनावर घेतलेलं नाही."

"पण सहदेव तसं बोलला का?"

"मला विषय वाढवायचा नाही."

सहदेव गालात हसला. मेघनाला त्याच्यापेक्षा नवऱ्याचीच किळस आली. ती उठली आणि सहदेवचं वाक्य जसंच्या तसं, शब्द न गाळता, सगळ्यांसमोर बोलली. मग म्हणाली, "माझ्या नवऱ्याने हे ऐकलंय. पण त्याला विचारू नका, त्याची साधना मोडेल."

दोघं घरात आली आणि सुमितने दार धाडकन आपटलं. चार माणसांत माझी अब्रू काढलीस, तुझी लायकी काय, असं तो इतक्या जोरात ओरडला की शिरा ताणल्या. टेबलावरचा स्टीलचा ग्लास त्याने भिंतीवर फेकला.

मेघना शांतपणे म्हणाली, "म्हणजे राग येतो तुला. मग तो खाली का नाही आला?"

सुमित वाकून ग्लास उचलायला लागला.

त्याची आई शालनबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. गुडघ्यांमुळे ती जिना उतरायची नाही. तिने पदराला हात पुसले आणि चपला शोधायला लागली.

"चल मेघना, पोलीस चौकीत जाऊ. शुक्रवारी सहदेव बोलला ते गॅलरीतून मी सगळं ऐकलेलं. मुलगा सांगेल म्हणून गप्प बसले."

सुमित पुढे आला, आई, तुझे गुडघे, म्हणाला. शालनबाईने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. सुनेचा हात धरून ती एक एक पायरी उतरायला लागली.