तिसरी बाटली

"ते डबडं पेटीत टांगू नको, नूतन. बुडीसन मरतीन बिचाऱ्या."

भिकुबाईने सुनेच्या हातातली, मधमाश्यांच्या पेटीतल्या पोळ्याच्या चौकटीएवढी अरुंद डबी काढून घेतली आणि लिंबाच्या खोडाशी ठेवून दिली.

"बुडणार नाहीत, आत्या. आत काड्या तरंगत्या सोडायच्या, काडीवर बसून पाक पितात त्या. धुळ्याच्या शिबिरात दाखवलं ना आम्हाला."

"तुनं शिबिर माशीसले माहीत शे का?"

नूतन हसली, पण तिचे डोळे पेट्यांवरून हलले नाहीत. लिंबाखाली चार पेट्या होत्या. एक जुनी, माशांनी गच्च भरलेली. उरलेल्या तीन तिच्यातूनच महिन्यापूर्वी वेगळ्या काढलेल्या. तिन्हींत कोवळी राणी नुकतीच अंडी घालू लागली होती. माशा मात्र मूठ-मूठच.

भिकुबाईचा नवरा, योगराजनाना, गेले तेव्हा इथे चाळीस पेट्या घुमत होत्या. दोन उन्हाळ्यांत ही एकच उरली. माणूस गेला तो गेला, त्याच्या हातचं बियाणं आपल्या हातून जाऊ नये, एवढ्यासाठी भिकुबाईने जन्मात पहिल्यांदा पेटीची वाटणी केली होती. आणि आता बियाण्याच्या कांद्याचे पांढरे गेंद वाळले होते. बोरी नदीच्या काठाला औषधालासुद्धा फूल नव्हतं. नव्या पेट्यांना पाक पाजायलाच हवा होता. कशातून पाजायचा, यावर सासू-सून सकाळपासून अडल्या होत्या.

नानांची रीत ठरलेली. काचेची बाटली, झाकणाला खिळ्याने पाडलेली बारीक भोकं, आणि ती उलटी करून पेटीच्या दाराशी. सकाळी, पहिल्या चहानंतर.

"दाराशी लावली की वास बाहेर पसरतो, आत्या. जुनी पेटी शेजारीच आहे. या तिघी अजून लेकरं आहेत. निदान ऊन उतरल्यावर, माशा घरी परतल्यावर तरी लावू."

"तुना सासरानी वीस वरीस सकायलेच लाई. एक बी पेटी मरनी नही."

भिकुबाईने एकेक बाटली दाराशी बसवली. तिसरी उलटी करताना चार थेंब दगडावर सांडले. तिने ते पदराने पुसले. झाकणाची भोकं बोटांना ओळखीची होती. नाना ती पाडत, तेव्हा बाटली हीच धरून बसे.

तासाभराने शेजारच्या मळ्यातला वना पाणी प्यायला आला, आणि बांधावरूनच हसत ओरडला, "काय व भिकुवहिनी, माशीसना घर लगीन शे का आज? भलती गर्दी व्हई राहिनी!"

भिकुबाईच्या हातातलं सूप खाली पडलं. गर्दी? त्या मूठभर माशांची?

धावत गेली, तर तिसऱ्या पेटीच्या दाराशी झुंज लागली होती. माशी माशीला धरून मातीत लोळत होती. दारातून मेणाचा भुसा सांडत होता. आवाज रोजचा नव्हता. कोरं कापड टराटरा फाडावं तसा होता. आणि लुटीचं ओझं घेऊन निघालेली प्रत्येक माशी सरळ जुन्या पेटीत शिरत होती.

"माय व! मायच लेकले लुटी राहिनी!" भिकुबाई ओरडली. "नूतन, गोधडी वली करीसन लई ये! वना भाऊ, गवत उपट!"

ओली गोधडी तिसऱ्या पेटीवर पडली. बाकी दोघींची दारं गवताने बुजली, एक माशी जाईल एवढीच फट राहिली. बाटल्या निघाल्या. भिकुबाईच्या मनगटावर पाच-सहा नांग्या रुतल्या होत्या. तिने त्या पाहिल्यासुद्धा नाहीत.

दुपारी आवाज निवला. गोधडी उचलली तेव्हा तिसरी पेटी रिकामी होती. मेणाची पोळी कुरतडलेली, आणि उंबऱ्यावर राणी, इतर माशांहून लांबट, पाय पोटाशी घेतलेली.

नूतनने चार शब्द सुनवावेत, असं भिकुबाईला फार वाटलं.

"तुना सासरानी चूक नव्हती," शेवटी भिकुबाईच म्हणाली. "त्यासन्या पेट्या भरेल व्हत्यात. दार राखाले माशी व्हती. मीच चुकनू."

"आत्या, मग डबी टांगू का?"

भिकुबाईने बाटली उचलून हातात फिरवली. "हायीच बाटली पेटीना आत उलटी ठेवी तर? चौकटीसवर? वरथीन मोकळी पेटी झाकू. बुडनार बी नहीत, वास बी बाहेर नही."

नूतनने मान हलवली. "चालेल. चांगलं चालेल."

ऊन उतरल्यावर भिकुबाई घरून पाक भरून आली. पहिली बाटली चौकटींवर उलटी ठेवली, वर मोकळी पेटी, वर झाकण. तिने फळीला कान लावला. आत बारीक, जात्यावरून उठून गेलेल्या बाईच्या गुणगुणण्यासारखं काही चाललं होतं. दुसरीतही तसंच.

मग ती तिसऱ्या पेटीपाशी गेली. हातात बाटली होती. भरताना हाताने सवयीने तीनच भरल्या होत्या.

सांडली, तर वास सुटेल. भिकुबाईने झाकण घट्ट पिळलं, भोकांवर अंगठा धरला, बाटली पदराखाली घेतली, आणि अंगाशी धरून घराच्या वाटेला लागली.