न्यागोरो आजीच्या कुंपणाखालचा पाइप

मंगळवारी दहा वाजता अपोंडी रस्ता समितीच्या अध्यक्षांच्या खुर्चीत बसली की ओकुंबेच्या पोटात दुखायला लागायचं. खोटं कशाला बोला, अगदी खरंखुरं दुखायचं. बायकोने, अडोयोने, त्याला दोनदा दवाखान्यात नेऊन आणलं. डॉक्टर म्हणाला, पोटात काही नाही. पोटात कसं असेल? दुखणं त्या खुर्चीत बसलं होतं!

न्यांगिरा शहरात बाजारचौकापासून बाहेरच्या हायवेपर्यंत रस्ता वाढवायचा होता. आठशे मीटर. शेंगदाण्याची पुडी संपायच्या आत चालत पोचाल, एवढंसं अंतर. पण तीन वर्षं तो रस्ता कागदावरून खाली उतरला नव्हता. वीजवाले म्हणायचे, आधी मोजणीवाल्यांनी खुंट्या ठोकाव्यात, मग खांब हलवतो. मोजणीवाले म्हणायचे, आधी टपऱ्या उठू देत. बाजार खातं म्हणायचं, टपऱ्यांना नव्या जागी पाणी द्या, मग उठवतो. आणि पाणी म्हणजे ओकुंबे. तो म्हणायचा, आधी रस्त्याची उंची ठरवा. नुसती टोलवाटोलवी. मीटिंग प्रार्थनेने सुरू व्हायची, चहा आणि मांदाझीवर, म्हणजे तळलेल्या गोड पावांवर, संपायची, आणि सगळे तोंड पुसत घरी जायचे.

जुना अध्यक्ष बदलून गेला तेव्हा ओकुंबेने नवा कोट शिवून घेतला. एकोणतीस वर्षं पाणी कंपनीत काढलेली. शहरातला एकेक पाइप पायाखालचा. आता खुर्ची दुसऱ्या कोणाची असणार?

खुर्ची मिळाली अपोंडीला. रस्ते खात्याची इंजिनियर, वय तेहतीस. आणि जखमेवर मीठ म्हणजे ही त्याचीच शागीर्द! कॉलेजात असताना सहा महिने त्याच्या हाताखाली शिकायला आली होती. लोखंडी सळई जमिनीला टेकवून, दुसरं टोक कानाला लावून गळती कशी ऐकायची, हे तिला त्याने शिकवलं होतं. "कान नीट लाव गं पोरी, पाणी बोलतंय." उन्हातान्हात फिरवलं, आपल्या डब्यातली मासळी आणि मक्याच्या पिठाची घट्ट उगाली खाऊ घातली. आता तीच पोरगी समोर बसून म्हणायची, "पाणी खातं, तुमचं काय म्हणणं आहे?"

म्हणणं काय असणार? तळपायाची आग मस्तकात जायची, हेच म्हणणं.

बरं, ती वाईट वागली असती तरी चाललं असतं. तीही सोय नाही. ती त्याला 'म्झे' म्हणायची, वडीलधाऱ्याला म्हणतात तसं. चहाचा पहिला कप त्याच्यापुढे सरकवायची. आणि काम? चार महिन्यांत तिने सगळ्यांना वठणीवर आणलं. पहिल्याच मंगळवारी म्हणाली, "आज इथे बसायचं नाही. चला, रस्त्यावर." सगळ्या साहेबांना उन्हात आठशे मीटर चालवलं. जिथे जो अडला तिथेच त्याचं भांडण मिटवलं. वीज कंपनीच्या न्याकुंडीसारख्या आडमुठ्या माणसानेही सतरा खांब हलवायची तारीख दिली. ओकुंबे मागून पाय ओढत चालत होता आणि मनात म्हणत होता, हे मला सुचायला नको होतं का? मग दहा पावलांनी स्वतःची समजूत घातली, मलाच सुचलं होतं, बोललो नाही इतकंच.

आणि बोलला नाही तो मागच्या आठवड्याच्या फेरीतही. रस्त्याकडेला घर असलेल्या न्यागोरो आजीच्या कुंपणापाशी.

नकाशात मोठा पाइप तिथे कुंपणाखालून सरळ जातो. खरा पाइप तसा जात नाही. एकोणीसशे सत्त्याण्णव साली ओकुंबे ती लाइन टाकत होता, तेव्हा बरोबर मध्ये आजीच्या नवऱ्याची कबर आली. माणसाला त्याच्याच अंगणात पुरायचं ही इथली रीत, आणि कबरीला कुदळ लावायची नाही, हीसुद्धा. साहेबाने मात्र हुकूम सोडला होता, लाइन सरळ म्हणजे सरळ. ओकुंबेने पाइप चार मीटर रस्त्याच्या बाजूला वळवून घेतला, माती ओढली आणि नकाशावर सरळच दाखवला. साहेब खूश, मेलेला सुखात. ही गोष्ट फक्त त्याला ठाऊक होती, आणि आजीला.

आता नव्या रस्त्याचं गटार नेमकं त्या चार मीटरवर येत होतं. पुढच्या गुरुवारी खोदाईचं मशीन लागणार होतं.

अपोंडीने कुंपणाशी थांबून विचारलं होतं, "म्झे, इथे नकाशाप्रमाणेच ना?"

शब्द अगदी ओठांवर आला होता, पण त्याने गिळला. "नकाशात आहे तसंच," तो म्हणाला.

त्यानंतर रोज अंथरुणावर पडून तो एकच चित्र बघायचा. गुरुवार. मशीनचा दात पाइपात. पाण्याचा लोट, सरकारी दवाखाना कोरडा, बाजार चिखलात, गव्हर्नरचा फोन. अपोंडीची खुर्ची जाणार. मग कोणीतरी ओरडणार, अरे, ओकुंबेला बोलवा! आणि तो सावकाश, घाई न करता, जाऊन बरोबर व्हॉल्व्ह बंद करणार. चित्र इतकं गोड होतं की पोटातलं दुखणंसुद्धा थांबायचं. दवाखान्यातल्या बाळंतिणी त्या चित्रात यायच्या तेव्हा तो कूस बदलायचा.

गुरुवारच्या आधीचा मंगळवार उजाडला. इथे कुठलीही समिती घ्या, लग्नाची असो नाहीतर मयताची, मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचून सूचक-अनुमोदक मिळाल्याशिवाय कोणी पुढचं अक्षर बोलत नाही. सचिव केरुबोबाई चष्मा सावरून वाचत होत्या. "पाणी. श्री. ओकुंबे यांनी जागेवर पाहून सांगितले की, पाइप नकाशाप्रमाणेच आहे."

"दुरुस्ती काही?" अपोंडीने विचारलं. तिची नजर त्याच्यावर जरा जास्तच रेंगाळली, असं त्याला वाटलं. "म्झे?"

"काही नाही. सूचक ओकुंबे," तो म्हणाला, आणि जरा मोठ्यानेच म्हणाला. न्याकुंडीने अनुमोदन दिलं. झालं, शिक्का बसला.

पुढचा विषय रस्त्यासाठी कुंपण हलवायचा. संमतीचा अंगठा द्यायला न्यागोरो आजीला बोलावलं होतं. नातीचा हात धरून ती आली. डोळ्यांत मोतीबिंदू, पण आवाज खणखणीत. बसायच्या आधीच म्हणाली, "पाण्याचा तो पोरगा आहे का इथे? ओकुंबे?"

ओकुंबेने हातातला कप खाली ठेवला. "आहे, आई."

"माझ्या राजा!" आजी आवाजाच्या दिशेने हात पसरत म्हणाली. "अहो, तुम्हाला माहीत नसेल. साहेब सरळ खणा म्हणून गुरगुरत होता. या पोराने माझ्या धन्याला धक्का लागू दिला नाही. अख्खा पाइप वाकवून बाहेरून नेला. खणायच्या आधी कबरीपुढे टोपी काढून माफी मागितली. सत्तावीस वर्षं झाली, मी प्रार्थनेत त्याचं नाव घेते. आज कुंपण देतेय ते त्याच्या भरवशावर. त्याने सांगितलंच असेल ना तुम्हाला, पाइप कुठून गेलाय ते?"

न्याकुंडीने हळूच मान वळवून ओकुंबेकडे पाहिलं. केरुबोबाईंचं बोट त्या मघाच्या ओळीवर जाऊन थांबलं.

अपोंडीची नजर नकाशावरच्या सरळ रेघेवर गेली. तिला सगळं कळलं होतं, गुरुवारसकट. पण ती म्हणाली, "हो आजी, म्झे मला बोलले होते. लिहिताना आमच्याकडून राहून गेलं. केरुबोबाई, चूक माझी आहे, दुरुस्त करून घ्या."

वाचला होता तो. नाव शाबूत, पेन्शन शाबूत, आजीच्या प्रार्थनेतली जागा शाबूत. नुसती मान हलवायची होती.

आणि तेच त्याच्याच्याने होईना. खुर्ची तिची, रस्ता तिचा, आता अब्रूसुद्धा तिच्या हातून घ्यायची? ती देणार आणि आपण खाली मान घालून ओंजळ पुढे करणार? तो उठूनच उभा राहिला.

"मी काही बोललो नव्हतो," तो म्हणाला. "ती खोटं बोलतेय. मी लपवलं. पाइप फुटणार हे मला माहीत होतं."

"अरे, पण का?" आजीने विचारलं. तिला खरंच कळत नव्हतं.

"ती त्या खुर्चीत बसली म्हणून, आई."

आजीने पसरलेले हात हळूहळू मांडीवर घेतले. नातीच्या कानाशी लागून तिने काहीतरी विचारलं. नात म्हणाली, "हो आजी, तोच."

केरुबोबाई पेन धरून बसल्या होत्या. "मॅडम, हे... हे कसं लिहू?"

ओकुंबे वाट पाहत होता. अपोंडी ओरडेल, रडेल, निदान विचारेल तरी, मी तुमचं काय वाकडं केलं होतं? त्याचं उत्तर त्याच्यापाशी तयार होतं, चार महिन्यांपासून तयार होतं.

"जसं बोलले तसं लिहा," ती म्हणाली. मग नकाशा पुढे ओढून, टपऱ्यांचा आकडा विचारावा तितक्या कोरड्या आवाजात तिने विचारलं, "पाइप रस्त्याच्या बाजूला किती मीटर?"

"चार," ओकुंबे म्हणाला.

तिने चार लिहिलं आणि पुढचा विषय घेतला.