माळ्यावरचा हरी

माझं नाव विद्युल्लता. हजेरी घेताना प्रत्येक बाईंची जीभ अडखळायची, पण तात्यांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मुलगीसुद्धा क्रांतिकारक हवी होती. मग आता सोसा, असं मी ब्याण्णवच्या ऑगस्टमध्ये मनातल्या मनात त्यांना सुनावलं.

बेचाळीसच्या लढ्याला पन्नास वर्षं झाली म्हणून भिवंडीत तात्यांचा सत्कार ठरला होता. मी मराठीची शिक्षिका आणि घरचीच, म्हणून मानपत्र माझ्या गळ्यात पडलं. त्यात सगळ्यात वर यायची ती कोन गावची गोष्ट. पोलीस मागावर असताना तात्यांनी भल्या पहाटे एकट्यानं कोनजवळच्या टेलिफोनच्या तारा तोडल्या. लहानपणी ही गोष्ट ऐकल्याशिवाय मला झोप यायची नाही.

त्याच आठवड्यात सईदा घरी आली. ती शाळेत माझ्या वर्गात होती. तिचे वडील गुलाम हुसेन बेचाळीसात मालकाचा कापडाचा तागा चोरताना सापडले आणि सहा महिने आत जाऊन आले, हे साऱ्या गावाला तोंडपाठ होतं. वर्गात कुणाची पेन्सिल हरवली की आधी सईदाचं दप्तर उलटं व्हायचं. ते उलटं करणारी मॉनिटर मी होते.

सईदानं चहाला हात लावला नाही. अब्बा आता थकलेत, म्हणून पहिल्यांदा बोलले, म्हणाली. त्या पहाटे तात्या कोनला गेलेच नव्हते. ऐन वेळी त्यांनी कच खाल्ली आणि ते अब्बा काम करायचे त्या कापड विणायच्या मागाच्या खोलीत माळ्यावर चढून बसले. तारा पंढरी नावाच्या सोबत्यानं तोडल्या, आणि तो पुढच्याच वर्षी तापानं गेला. पोलीस गल्लीत शिरले तेव्हा अब्बांनी हाताला आला तो तागा काखोटीला मारला आणि मुद्दाम त्यांच्या समोरून पळाले. पकडल्यावर चोरी कबूल केली. पोलीस चोर घेऊन गेले, माळा कुणी बघितला नाही.

पुढे लढ्यातल्या कितीतरी माणसांना, हा आमच्यासोबत लढ्यात होता, असे दाखले तात्यांनी लिहून दिले. अब्बा दोनदा आले आणि दोन्ही वेळा हात हलवत परत गेले. डोळे मिटायच्या आत त्यांच्या नावावरचा चोर पुसला जावा, एवढंच सईदाला हवं होतं.

मी तात्यांना सरळ विचारलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"दाखल्यात तारीख लिहावी लागते," ते म्हणाले. "त्या दिवशी मी स्वतः कुठं होतो तेही लिहावं लागतं. तोवर कोनची गोष्ट मी शंभर सभांत सांगून बसलो होतो. पुढे दोन वर्षं तुरुंगात काढली, फटके खाल्ले, ते काय खोटं आहे?"

"नाही. तेही मानपत्रात लिहिलंय," मी म्हटलं.

ते फटक्यांचे वळ मी लहानपणी त्यांच्या पाठीवर मोजले होते. म्हणून तर राग जास्त आला. इतकं सोसलेल्या माणसाला एक चिठ्ठी जड जावी?

सत्कार समितीचे शरच्चंद्र यांनी माझ्या मानपत्रातला माळ्याचा परिच्छेद लाल शाईनं काढून टाकला. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मला समजावलं. त्या झाकल्या मुठीत पन्नास वर्षं दुसऱ्याचं नाव चुरगळलंय, हे मी त्यांना ऐकवलं आणि त्यांनी टाइप करून आणलेली प्रत निमूटपणे पर्समध्ये ठेवली. ती तिथेच राहिली.

सभागृह भरलं होतं. सईदा अब्बांना धरून मागच्या रांगेत बसली होती. मी माझ्या हातचा कागद उलगडला आणि तुरुंगवास वाचला, फटके वाचले, टाळ्या झाल्या. मग माळा वाचला. शरच्चंद्र माईककडे झेपावले. मी माईक सोडला, आवाज नाही सोडला. पन्नास पोरांचा वर्ग रोज हाकते, मला माईक कशाला हवा? पंढरीचं नाव वाचलं, गुलाम हुसेनांचं वाचलं, आणि सईदाचं दप्तर मी उलटं करायचे तेही वाचलं. मग दाखल्याचा कोरा कागद तात्यांपुढे ठेवला.

तात्या हलले नाहीत. मान खाली, हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट. कुणीतरी म्हणालं, या बाईला खाली उतरवा. मी जागची हलले नाही.

मागच्या रांगेत काठी वाजली. गुलाम हुसेन उभे राहिले होते. तात्यांना त्यांच्या नावानं हाक मारणारा दुसरा कुणी आता हयात नव्हता.

"हरी," ते म्हणाले, "उतर आता खाली. गेले ते पोलीस."

तात्यांनी मान वर केली. कागद उचलला, माझ्याकडून पेन मागून घेतलं आणि कठड्याला धरून एकेक पायरी मंचावरून खाली उतरले. मागच्या रांगेपर्यंत पोचायला त्यांना वेळ लागला. कुणी त्यांना हात दिला नाही, मीही नाही. गुलाम हुसेनांच्या शेजारच्या खुर्चीत बसून त्यांनी कागद गुडघ्यावर ठेवला आणि सगळ्यात आधी तारीख लिहिली.